धूळ सगळ्यांना सारखी, धाप मात्र एकालाच: प्रदूषण आणि जनुकांचे गणित

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात दोन कामगार वीस-बावीस वर्षे शेजारशेजारचे माग चालवतात. विडी-तंबाखू दोघांनाही नाही. घरे एकाच गल्लीत, खाणेपिणे जवळजवळ सारखेच. पन्नाशीला एकाला दुसऱ्या मजल्यावर जाताना दोनदा थांबावे लागते, तर दुसरा ओव्हरटाइम करूनही सायकलवर घरी जातो. लोक याला ‘ज्याची त्याची प्रकृती’ म्हणून सोडून देतात. या प्रकृतीचा एक भाग जनुकांत लिहिलेला असतो. तो भाग केवढा, तो कसा काम करतो आणि तो कळून आपल्याला करता काय येते, असे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्यावर जास्त वेळ घालवायला हवा, कारण त्याची घाईची उत्तरे आता पाकिटात घालून विकली जाऊ लागली आहेत.

हवेतले काय कुठवर पोहोचते

२०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेची राष्ट्रीय मानके वर्षानुवर्षे ओलांडणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांची जी यादी त्यात झाली, तिच्यात सोलापूर आहे. इथली हवा कोरडी, पाऊस बेताचा, त्यामुळे रस्त्याकडेची माती वर्षातले बरेच महिने उडतच असते. तिच्यात पुणे, हैदराबाद आणि विजयपूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा डिझेलचा धूर मिसळतो. दक्षिण सोलापुरात १,३२० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या बॉयलरची काजळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते, आणि ऊस तुटून गेला की शिवारात पाचट पेटते. कचऱ्याचे पेटलेले ढीग, चूल आणि डासांची कॉइल यांची भर वेगळीच.

कणाचा आकार महत्त्वाचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे पीएम १०, यात मातीचा वाटा मोठा. ते बहुतेक नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनळ्यांत अडतात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५, हे मुख्यतः जळण्यातून येतात आणि थेट वायुकोशांपर्यंत जातात. त्याहून बारीक, ०.१ मायक्रॉनच्या आतले काही कण रक्तातही उतरतात. भारताचे पीएम २.५ चे वार्षिक मानक दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा फक्त ५. डोळ्यांत जाणारी धूळ त्रासदायक खरी, पण हृदयाला जास्त घातक असतो तो न दिसणारा धूर.

वायुकोशात कण पोहोचला की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. कणावर चिकटलेले धातू आणि धुरातली रसायने यांच्यामुळे पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. हे रेणू पेशीची पटले, प्रथिने, डीएनए सगळ्यांना इजा करतात. इजा झाली की पेशी रसायने सोडून मदत मागवते आणि सूज सुरू होते. थोडी सूज उपयोगाची असते. रोजची, वर्षानुवर्षांची सूज श्वासनळ्यांच्या भिंती जाड करते आणि वायुकोशांमधले पडदे झिजवते. तीच रसायने रक्तातून फिरत यकृतापर्यंत गेली की रक्त गोठवणारे घटक वाढतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर आखडते आणि आधीपासून असलेला चरबीचा थर फुटण्याची शक्यता वाढते. प्रदूषण वाढल्यावर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसतात, ते याच साखळीमुळे.

जनुके या साखळीत कुठे येतात

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३२० कोटी अक्षरजोड्या आहेत आणि कोणत्याही दोन माणसांत त्यातल्या ९९.९ टक्के सारख्या असतात. उरलेला हिस्सा छोटा वाटला तरी त्यात लाखो ठिकाणचे फरक येतात. बहुतेक फरकांनी काहीच होत नाही. काहींमुळे एखादे प्रथिन कमी बनते, थोडे वेगळे बनते किंवा बनतच नाही.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे जीएसटीएम१ हे जनुक. धुरातली विषारी रसायने ग्लुटाथिऑन नावाच्या रेणूला जोडून निकामी करणारे एक विकर (एन्झाइम) ते बनवते. अनेक माणसांत हे जनुक बिघडलेले नसते, ते मुळात गायबच असते, आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या अशा दोन्ही प्रतींतून. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत असे आहे. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आहे, तरी दुर्मिळ मुळीच नाही. एवढ्या लोकांत जनुकच नाही आणि तरी ते धडधाकट जगतात, ते कसे? प्रभागात तीन घंटागाड्यांऐवजी दोनच येत असतील तर एरवी फरक कळत नाही. दिवाळीच्या आठवड्यात मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग दिसू लागतात. त्याच कुटुंबातली इतर विकरे रोजचे काम भागवतात. धूर वाढला की कमतरता उघडी पडते. जनुक आणि परिसर यांची ‘आंतरक्रिया’ म्हणतात ती हीच: स्वच्छ हवेत निरुपद्रवी असलेला फरक घाण हवेत महाग पडतो.

हे नुसते तर्कट नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ॲलर्जी असलेल्या स्वयंसेवकांच्या नाकात परागकणांचा अर्क आणि त्यासोबत डिझेलच्या धुराचे कण सोडले. ज्यांच्यात जीएसटीएम१ नव्हते, त्यांच्यात ॲलर्जीची प्रतिक्रिया डिझेलमुळे इतरांपेक्षा बरीच जास्त भडकली. त्याच वर्षी मेक्सिको शहरातल्या दम्याच्या मुलांवरचा अभ्यास आला. ओझोन वायूने होणारी फुप्फुसांच्या क्षमतेतली घट जीएसटीएम१ नसलेल्या मुलांत ठळक होती आणि क व ई जीवनसत्त्व दिल्यावर ती कमी झाली. यावरून मेडिकलमधून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आणण्याची गरज नाही. तिथला डोस माफक होता आणि ती मुले दम्याची होती. पेरू, आवळा, लिंबू, शेवग्याचा पाला आपल्याकडे बारमाही नसले तरी आळीपाळीने मिळतातच.

दुसरे जनुक एचएमओएक्स१. पेशीवर ताण आला की हे जागे होते आणि संरक्षक विकर बनवते. त्याच्या आधी दोन अक्षरांची एक माळ असते, कुणात आखूड, कुणात लांब. माळ जितकी लांब तितके जनुक सुस्त. जपानमधल्या धूम्रपान करणाऱ्यांत लांब माळ असलेल्यांना एम्फिसेमा, म्हणजे वायुकोश फाटून फुप्फुस पोकळ होण्याचा आजार, जास्त आढळला. तिसरे उदाहरण लहान मुलांचे. सतराव्या गुणसूत्राच्या एका भागातले फरक बालपणीच्या दम्याशी जोडलेले आहेत आणि तान्हेपणी घरात सिगारेटचा धूर असलेल्या मुलांत हा संबंध जास्त घट्ट दिसतो.

अशी जनुके डझनावारी सापडली आहेत. त्यातल्या कित्येकांचा परिणाम एका शहरात दिसला आणि दुसऱ्यात दिसला नाही, हेही तितकेच खरे. त्याचे कारण पुढे येईल.

हृदयाची बाजू

निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे समान अंतरावर पडत नाहीत. श्वासागणिक अंतर किंचित कमीजास्त होते. हा चढउतार कमी होणे म्हणजे हृदयावरचे चेतासंस्थेचे नियंत्रण ढिले पडल्याची खूण. बॉस्टनमधल्या वयस्क पुरुषांच्या २००५ च्या अभ्यासात तपासणीआधीच्या ४८ तासांत पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने जास्त असेल, तर जीएसटीएम१ नसलेल्यांत या चढउताराचा एक महत्त्वाचा घटक ३४ टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांच्यात ते जनुक होते, त्यांच्यात परिणाम दिसलाच नाही. आणि जनुक नसूनही जे स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते, त्यांच्यातही दिसला नाही. औषधाने जनुकाची उणीव झाकली जाऊ शकते, एवढे यातून कळते. प्रदूषणासाठी म्हणून स्टॅटिन सुरू करण्याइतका पुरावा हा नाही. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी दिलेली गोळी ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून परस्पर बंद करणाऱ्यांनी मात्र ही ओळ पुन्हा वाचावी.

भारतीयांसाठी आणखी एक घटक लक्षात घ्यावा लागतो: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. रक्तातली त्याची पातळी ९० टक्क्यांहून अधिक जनुकांनी ठरते, जन्मभर जवळजवळ तीच राहते आणि आहार-व्यायामाने फारशी हलत नाही. दक्षिण आशियाई लोकांत ती युरोपीयांपेक्षा सरासरीने जास्त असते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली तर धोका वाढलेला समजतात. प्रदूषणाने ही पातळी वाढते असे नाही. पण ज्या धमनीत ती चरबी साचवते, तीच धमनी धुरामुळे सुजत असते. आयुष्यात एकदा केलेली ही साधी रक्तचाचणी पुरते.

आणखी एक नाव व्हॉट्सॲपवर फिरते, एमवायबीपीसी३. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २००९ च्या संशोधनात या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आढळले आणि हृदयाचे स्नायू दुबळे होण्याशी त्याचा संबंध दिसला. तो स्नायूचा दोष आहे. त्याची सांगड धुराशी घालू नये.

सूत, बगॅस आणि कामाची जागा

शहराच्या हवेची चर्चा होते, कारखान्यातल्या हवेची होत नाही, आणि सोलापुरात तर दुसरी जास्त व्हायला हवी. कापसाच्या धुळीत कापूस असतोच, शिवाय जंतूंच्या कवचातून निघालेले एंडोटॉक्सिन नावाचे विष असते. त्याने होणारा आजार म्हणजे बिसिनोसिस. त्याची ओळख सोपी आहे: आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच पाळीला छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो. वर्षे गेली की मग तो उतरत नाही. पिंजण आणि कताईच्या खात्यात धोका सर्वांत जास्त. विणकामात कमी, पण टॉवेलच्या मागावर तंतू भरपूर उडतात.

शांघायमध्ये १९८१ पासून कापड गिरणीतल्या कामगारांचा असा पाठपुरावा झाला, तुलनेला रेशीम कामगार घेऊन. रेशमात एंडोटॉक्सिन जवळपास नसते. कापूस कामगारांची फुप्फुसे वेगाने घसरली आणि त्यांच्यातही सूज पेटवणाऱ्या टीएनएफ जनुकाची विशिष्ट रूपे असलेल्यांची घसरण जास्त होती. काम सोडल्यानंतर घट काही अंशी भरून आली, हा त्यातला धीर देणारा भाग. आरंभीच्या दोन मागवाल्यांतला फरक असाच काहीसा असू शकतो.

बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडांचे, गणित वेगळे. ताजा बगॅस फारसा त्रास देत नाही. ओल धरलेल्या, आतून गरम झालेल्या ढिगात उष्णता आवडणारे सूक्ष्मजीव वाढतात. तो ढीग उपसला की त्यांचे बीजाणू फुप्फुसात जातात आणि ज्यांची प्रतिकारयंत्रणा त्यांना जास्त ओळखते, त्यांना चार ते आठ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला, धाप असा त्रास होतो. हमखास मलेरिया किंवा न्यूमोनिया समजून औषध दिले जाते, दोन दिवसांत बरे वाटते, माणूस पुन्हा त्याच ढिगावर जातो आणि पुन्हा आजारी पडतो. असे वारंवार झाले तर फुप्फुसात कायमचे व्रण होतात.

जनुक किती, हवा किती

हा प्रश्न विचारायची पद्धतच फसवी आहे, कारण दोन्हींचा गुणाकार होतो आणि गुणाकारातला वाटा वेगळा काढता येत नाही. तरी एक हिशेब करून पाहू. पुढचे आकडे समजावण्यापुरते मानलेले आहेत, मोजलेले नाहीत.

एक लाख प्रौढांचे गाव धरा. १०,००० जण जनुकांनी नाजूक, ९०,००० सर्वसाधारण. दहा वर्षांत नाजूक गटात शंभरी १२ जणांना आणि साधारण गटात शंभरी ६ जणांना हृदय किंवा फुप्फुसाचा मोठा आजार होतो. म्हणजे नाजूक गटातले १,२०० आणि साधारण गटातले ५,४००. दहा आजाऱ्यांतले आठ ‘साधारण’ गटातून आले. आता समजा महागड्या चाचणीने सगळे नाजूक शोधून काढले आणि त्यांचा धोका निम्म्यावर आणला: ६०० आजार वाचले. उलट हवा सुधारून फक्त साधारण गटाचा धोका पाचव्या हिश्शाने कमी झाला: १,०८० वाचले. नाजूक गटाचा फायदा यात धरलेलाच नाही. म्हणून ‘नाजूक माणसांनी सांभाळून राहावे’ असे म्हणत चिमणीकडे काणाडोळा करणारे धोरण हिशेबातही बसत नाही.

हवा सुधारल्याचा फायदा मोजलेलाही आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९१ आणि २००२ मध्ये त्याच माणसांची फुप्फुसे तपासली. या काळात पीएम १० दर १० मायक्रोग्रॅमने कमी झाले, तिथे वयानुसार होणारी फुप्फुसांची वार्षिक घसरण ९ टक्क्यांनी मंदावली. कुणाला हा लाभ किती मिळाला, यातही जनुकांचा हात दिसला.

चाचणी विकत घ्यावी का

‘तुमचे शरीर प्रदूषण किती सोसते’ असे सांगणारी जनुकीय पाकिटे मिळतात. आज तरी त्यावर पैसे घालू नयेत. पहिले कारण, एकेका फरकाचा परिणाम छोटा असतो. दुसरे, जनुक आणि परिसराची आंतरक्रिया पकडायला नुसत्या जनुकाचा परिणाम शोधायला लागतात त्याच्या किमान चौपट माणसे लागतात. सुरुवातीचे बरेच अभ्यास त्या मानाने लहान होते, म्हणून एकाचे निकाल दुसऱ्यात टिकले नाहीत. तिसरे, जनुक अचूक वाचता येते, पण धूर? शहरातल्या एखाद्या यंत्राचा आकडा मागावरच्या, चुलीपुढच्या आणि एसी कार्यालयातल्या माणसाला सारखाच लावला जातो. चौथे, शेकडो-हजारो फरकांची बेरीज करून काढतात तो एकत्रित गुणांक बहुतांशी युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेला आहे. लोकांची जनुके आणि आरोग्य यांची माहिती साठवणाऱ्या ब्रिटनच्या यूके बायोबँकेत पाच लाख लोक आहेत, पण दक्षिण आशियाई वंशाचे त्यात अगदी थोडे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या सोलापूरकरांवर तो गुणांक जसाच्या तसा लावला की नेम चुकतो.

जनुकीय किंवा तत्सम तपासणी खरोखर करावी, असे प्रसंग मोजके आहेत. विडी-सिगारेट कधीच न ओढता चाळिशी-पंचेचाळिशीत एम्फिसेमा झाला, तर अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची रक्तातली पातळी आधी बघतात; ती कमी आली तरच जनुक. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये ओळखला गेलेला हा दोष भारतात दुर्मिळ आहे. बाळाला सारखा न्यूमोनिया, वजन वाढत नाही, शी तेलकट, घाम चाटला तर खारट, असे असेल तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी घामातले क्लोराइड मोजतात. ६० मिलिमोलच्या वर आले तर आजार गृहीत धरून पुढे जनुक तपासतात. एलडीएल कोलेस्टेरॉल १९० च्या वर आणि घरात तरुणपणी झटके, तर कौटुंबिक कोलेस्टेरॉलविकाराची शंका घेतात.

यातल्या पहिल्या दोन आजारांत आई आणि वडील दोघांकडूनही दोषी प्रत यावी लागते. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न आपल्या भागात नवीन नाही. तिथे एकाच पूर्वजाची तीच प्रत बाळाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता दर जनुकामागे सोळात एक असते, मामा-भाचीच्या लग्नात आठात एक. त्यामुळे नात्यातल्या लग्नातल्या मुलाला छातीचे आजार वारंवार होत असतील तर ‘हवा बदलली म्हणून’ असे धरून बसू नये, डॉक्टरांना नाते स्पष्ट सांगावे.

फुकटची चाचणी: घरातला इतिहास

वहीच्या एका पानावर तीन पिढ्या मांडा: आजी-आजोबा दोन्हीकडचे, आई-वडील आणि त्यांची भावंडे, तुम्ही आणि तुमची भावंडे. प्रत्येकासमोर आजार, तो कितव्या वर्षी सुरू झाला आणि काम काय, एवढे लिहा. वय सर्वांत महत्त्वाचे. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका, हे लाल खुणेचे. ऐंशीव्या वर्षीच्या झटक्याने फारसे कळत नाही. ‘अचानक गेले’ असे लिहावे लागले तर आदल्या दिवशी छाती, जबडा, डावा हात दुखला होता का ते एखाद्या मावशीला किंवा काकांना विचारा. बहुतेक घरांत कुणाला तरी आठवत असते. ‘दमा होता’ या उत्तराला थांबू नका. लहानपणापासून येऊन-जाऊन होता की पन्नाशीनंतर सुरू होऊन वाढतच गेला? पहिला खरा दमा, दुसरा बहुधा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्यांतला कायमचा अडथळा. बायकांच्या बाबतीत चूल किती वर्षे आणि विड्या वळल्या का, हेही लिहा. घरी विड्या वळणारीच्या फुप्फुसात तंबाखूची भुकटी गेलेली असते, ती स्वतः एक विडीही न ओढता.

या पानावर जनुके आणि सवयी एकत्र गुंतलेल्या असतात, कारण घराणे एक तसे घरही एक. संशोधकाला तो गुंता नको असतो. तुम्हाला चालतो: कारण कोणतेही असो, ज्या घरात धोका दिसतो तिथे तपासणी लवकर सुरू करायची. तिशीपासून दरवर्षी रक्तदाब, चाळिशीच्या आत एकदा साखर, कोलेस्टेरॉल, लायपोप्रोटीन-ए, आणि धुळीत काम असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकणीची चाचणी.

फुंकणीची चाचणी नीट कशी व्हावी

स्पायरोमेट्रीत पूर्ण छाती भरून घेऊन यंत्रात झटक्यात आणि शेवटपर्यंत फुंकायचे असते. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा, हे गुणोत्तर श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधानंतरही ०.७० च्या खाली राहिले तर अडथळा कायमचा. औषध म्हणजे सहसा साल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम. ते दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकवतात. ही दुसरी फेरी वगळली तर दमा आणि सीओपीडी वेगळे कळत नाहीत, तेव्हा ती झाली का ते विचारून घ्या.

चाचणी बिघडते ती बहुधा फुंकण्यात. ओठ सैल राहून हवा बाजूने जाते, सुरुवात हळू होते, मध्येच खोकला येतो, किंवा दोन सेकंदांत माणूस थांबतो. निदान सहा सेकंद नेट लावावा. तीन फुंका स्वीकारण्याजोग्या हव्यात आणि त्यातल्या सर्वोत्तम दोनमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. एकाच फुंकेवर रिपोर्ट हातात ठेवला तर तो पुराव्यादाखल धरू नका. नेहमीचा निळा इनहेलर चार-सहा तास आधी बंद, पण धाप असह्य झाली तर घ्या आणि तसे सांगा. तासभर आधी विडी नको, पोट गच्च नको. सिव्हिलच्या छातीरोग विभागात किंवा खासगी फुप्फुसतज्ज्ञांकडे ही चाचणी होते.

त्रास कामामुळेच आहे का, हे कळायला हाती धरायचा पीक फ्लो मीटर घ्या. दिवसातून चारदा, दर वेळी तीन फुंका मारून मोठा आकडा लिहायचा, दोन ते चार आठवडे, आणि त्यात सुट्टीचे दिवस आलेच पाहिजेत. कामाच्या दिवशी आकडे पडत असतील आणि सुट्टीत चढत असतील, तर हा कागद डॉक्टरांना कितीतरी सांगून जातो.

रोजचे उपाय, उपयोगी तेवढेच

हिवाळ्यात, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या थंड पहाटे, जमिनीलगतची हवा वरच्या गरम थराखाली कोंडते आणि धूर खालीच राहतो. नेमके तेव्हाच लोक फिरायला निघतात. ज्यांच्या घरचा इतिहास वर सांगितला तसा आहे, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी नऊनंतर, उन्हात फिरावे. उन्हाळ्यात उलट: दुपारी बारा ते चार ओझोन चढतो, म्हणून फिरणे सकाळी लवकर. ओझोन वायू असल्याने मास्कने अडत नाही.

तोंडाला बांधलेली ओढणी, रुमाल, उपरणे माती अडवते, पीएम २.५ अडवत नाही. त्यासाठी एन९५ किंवा एफएफपी२ लागतो आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा आला तर नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढीवर तो कधीच नीट बसत नाही. आधीच जास्त धाप असलेल्यांना त्याने श्वास जड होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

मागावरचे तंतू हवेच्या पाइपने उडवून साफ करायची सवय बंद करण्याजोगी आहे. पाच मिनिटांत खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते. व्हॅक्यूम किंवा ओला पोछा वापरावा, आणि हवा वापरायचीच असेल तर पाळी संपल्यावर, मास्क लावून, पंखे बाहेर फेकणारे ठेवून. बगॅसचा जुना ढीग उपसण्याआधी वरून पाणी मारावे आणि शक्यतो यंत्रानेच उपसावा.

बिसिनोसिस आणि बगॅसचा आजार हे दोन्ही कर्मचारी राज्य विम्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. पण दावा करताना अडते ते कागदावर: कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे वीस वर्षांनी सिद्ध करता येत नाही. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या, विमा क्रमांक आणि पहिल्यावहिल्या स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवावा. तो पहिला रिपोर्ट कामाला लागल्यालागल्या, फुप्फुस चांगले असतानाच काढलेला असला, तर पुढची प्रत्येक घसरण त्याच्याशी ताडून पाहता येते.